भट्टी पेटलेली, भांडं नाही: मुंबईतल्या इमारतींचं गॅस ऑडिट

गॅसचं एनर्जी ऑडिट, म्हणजे गॅस कुठे किती जळतो आणि कुठे वाया जातो याची तपासणी, कसं करायचं हे नेटवर शोधलं की हाती येणाऱ्या याद्या बहुतेक थंड देशांतल्या असतात. खिडक्यांच्या फटी बुजवा, छताला इन्सुलेशन करा, रात्री थर्मोस्टॅट दोन अंशांनी उतरवा. तिकडे ते बरोबरच आहे, कारण तिथे गॅसचा मोठा वाटा इमारत उबदार ठेवण्यात जातो. मुंबईत इमारत गरम करायला कोणी गॅस जाळत नाही. इथे सगळी धडपड ती थंड ठेवण्याची, आणि तीही विजेवर. मग हॉटेल, हॉस्पिटल, क्लब, मंगल कार्यालय, लाँड्री, बेकरी अशा ठिकाणी पाइपने येणारा गॅस जातो कुठे? स्वयंपाकाला, गरम पाण्याला आणि वाफेला. संपली यादी.

त्यामुळे मुंबईतल्या गॅस ऑडिटमध्ये भिंतींपेक्षा घड्याळ जास्त बघावं लागतं. इथला बहुतेक अपव्यय जुन्या यंत्रांमुळे होत नाही. भट्टी पेटलेली असते आणि तिच्यावर भांडं नसतं, त्या वेळात तो होतो. बॉयलर चालू असतो आणि वाफ कोणालाच नको असते, त्या वेळात होतो. नवा बॉयलर घ्यायची शिफारस करणारे अहवाल मी भरपूर पाहिलेत. दुपारी साडेतीन ते सात या वेळात तंदूरचं काय होतं हे लिहिणारे फार थोडे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याखाली २००२ मध्ये ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई, सुरू झाली. राज्यात हे काम महाऊर्जा ही सरकारी संस्था पाहते. कायद्याने ऑडिटची व्याख्या केली आहे ती अशी: ऊर्जेच्या वापराची पडताळणी आणि विश्लेषण, शिवाय सुधारणांच्या शिफारशी, त्यांचा खर्च-फायदा आणि कृती आराखडा असलेला तांत्रिक अहवाल. खूप मोठ्या ग्राहकांना ऑडिट सक्तीचं आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलाला किंवा मध्यम हॉस्पिटलला तशी सक्ती नाही. त्यांनी ते करायचं ते स्वतःच्या गल्ल्यासाठी.

आणि आता अशा गॅस ग्राहकांची संख्या वाढते आहे. महानगर गॅस कंपनी १९९५ सालची. तिचे पाइप शहरभर पसरले तसे सिलिंडर सोडून पाइप गॅसवर येणारे व्यावसायिक ग्राहकही वाढत गेले. त्यातच जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा तशा स्वच्छ इंधनावर आणण्याचे निर्देश दिले. लाकडाचा हिशोब निदान डोळ्यांना दिसायचा, ढीग कमी झाला की कळायचं. सिलिंडरही मोजता येतात. पाइपमधला गॅस मात्र दिसत नाही, संपत नाही, आणि महिन्याचं बिल येईपर्यंत कोणी त्याच्याकडे बघतही नाही.

बिलावरचा आकडा आणि मीटरवरचा आकडा

बिल एससीएममध्ये येतं, म्हणजे स्टँडर्ड क्युबिक मीटर: १५ अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला एक घनमीटर जागा व्यापेल इतका गॅस. मुंबईत १५ अंश कुठले? मीटरमधून जाणारा गॅस ३० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे थोडा फुगलेला. नुसत्या तापमानामुळे मीटरवरच्या १०० घनमीटरचे खरे सुमारे ९५ एससीएम होतात. उलट गॅस दाबाखाली असेल तर तेवढ्याच जागेत जास्त मावतो. स्वयंपाकघराच्या नेहमीच्या २१ मिलिबार दाबाला हा फरक दोन टक्क्यांचा, सोडून देण्यासारखा. पण मोठ्या हॉटेलात किंवा लाँड्रीत मीटरपाशी हवेच्या दाबाहून १ बार जास्त दाब असेल तर मीटरवरच्या एका घनमीटरचे जवळपास १.९ एससीएम होतात. म्हणूनच मोठ्या मीटरवर दाब आणि तापमान बघून आकडा दुरुस्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेलं असतं. ऑडिटरने मीटरच्या तबकडीवरचा आकडा उतरवला आणि बिल त्या यंत्राच्या आकड्यावर असलं, तर पुढचा सगळा अहवाल निम्म्याने चुकतो. पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच: तुम्ही कुठला आकडा धरलाय?

पुढे उपयोगी पडतील अशा दोन-तीन ढोबळ गोष्टी. एका एससीएममधून वापरता येण्यासारखी उष्णता सुमारे ८,५०० किलोकॅलरी, म्हणजे विजेच्या भाषेत साधारण १० युनिट. व्यावसायिक एलपीजीचा १९ किलोचा सिलिंडर म्हणजे जवळपास २४ ते २५ एससीएम. एक एससीएम जाळला की सुमारे १.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

सिलिंडर आणि पाइप यांची तुलना करताना कराचा एक बारकावा निसटतो. पाइपमधला गॅस म्हणजे नैसर्गिक वायू, आणि तो जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर व्हॅट लागतो, आणि महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. व्यावसायिक सिलिंडरवर जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतच नाही, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. पण ज्या हॉटेलाला क्रेडिट मिळतं, त्याने सिलिंडरचा भाव क्रेडिट वजा करून आणि गॅसचा व्हॅट धरून तुलना करावी. हे गणित सीएकडून करून घ्या. ऑडिटर बहुधा त्यात पडत नाही.

रिकाम्या दिवसाचा गॅस

ऑडिटमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकं काम वही-पेन्सिलने होतं. रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा आणि त्या दिवशी विकलेल्या ताटांची संख्या लिहायची. दोन-तीन आठवडे पुरतात, फक्त त्यात गर्दीचे आणि सुने असे दोन्ही दिवस यायला हवेत.

समजा दादरमधलं एक मध्यम आकाराचं शाकाहारी हॉटेल आहे. रविवारी ४०० ताटं गेली, गॅस लागला ५० एससीएम. मंगळवारी २०० ताटं गेली, गॅस ३५. मालक म्हणेल, धंदा निम्मा झाला तसा गॅसही कमी झाला, ठीक चाललंय. पण गणित मांडून बघा. २०० ताटं कमी झाल्यावर गॅस कमी झाला फक्त १५ एससीएम. म्हणजे एका ताटामागे ०.०७५. या हिशोबाने ४०० ताटांना ३० एससीएम लागायला हवेत. लागले ५०. मधले २० कुठे गेले?

ते २० म्हणजे एकही ताट न वाढता जळणारा गॅस. हॉटेल उघडलं की तो जळायला लागतो: पायलट (बर्नर पेटवायला सतत जळती ठेवलेली छोटी ज्योत), तापवत ठेवलेला तवा, मंद आचेवर रेंगाळणारं सांबार, तंदूर, गरम पाण्याची टाकी. मंगळवारच्या ३५ मध्ये हे २० आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. खऱ्या जागेवर आकडे इतके सरळ रेषेत येत नाहीत, ठिपके इकडेतिकडे पडतात. म्हणून दोन दिवसांवर न थांबता वीस-पंचवीस दिवसांचे ठिपके कागदावर मांडायचे आणि त्यांच्या मधून रेघ ओढायची. ती रेघ शून्य ताटांपाशी जिथे भिडते तो तुमचा रिकामा गॅस. सगळाच काही वाया जात नाही, तवा तापलेला असायलाच हवा. पण ऑडिटने कुदळ कुठे मारायची ते तिथे कळतं.

हॉस्पिटलात ताटांऐवजी भरलेले बेड किंवा धुतलेल्या कपड्यांचे किलो धरायचे, बेकरीत मैद्याची पोती. बँक्वेट हॉलमध्ये ही पद्धत फारशी चालत नाही, कारण तिथे एक दिवस हजार माणसं आणि पुढचे चार दिवस कुलूप. तिथे समारंभागणिक हिशोब ठेवावा.

मग रात्रीचं रीडिंग. स्वयंपाकघर बंद झालं, शेवटचा माणूस निघाला की मीटरचा आकडा लिहायचा, आणि सकाळी पहिली भट्टी पेटायच्या आधी पुन्हा. लहान मीटरवर काळ्या आकड्यांनंतर तीन लाल आकडे असतात. बरेच जण ते सोडून देतात, कारण बिलात ते धरत नाहीत. ऑडिटला तेच हवे असतात. लाल आकडे म्हणजे लिटर. रात्रभरात मीटर २०० लिटर पुढे गेला तर कुठे तरी पायलट किंवा हीटर चालू आहे. काहीच चालू नसताना पुढे गेला तर गळती आहे, आणि मग ऑडिट बाजूला ठेवून त्याच मिनिटाला गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. उलट मीटर हलला नाही म्हणजे गळती नाहीच, असंही समजू नये. अगदी बारीक प्रवाह मीटरला कळत नाही. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेच लागतात.

भट्टीपाशी

एका भट्टीला किती गॅस लागतो हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. बाकी सगळं बंद करा, पायलटसुद्धा. एकच भट्टी पूर्ण उघडा आणि मोबाइलवर वेळ लावून लाल आकडे बघा. १०० लिटर जायला तीन मिनिटं लागली तर तासाला दोन घनमीटर, म्हणजे साधारण २० किलोवॅटची भट्टी. एक गीझर दोन किलोवॅटचा असतो, हे लक्षात घेतलं की हा आकडा अंगावर येतो.

त्यातली किती उष्णता भांड्यात शिरते तेही बघता येतं. २० लिटर पाणी झाकण ठेवून २८ अंशांपासून ९० अंशांपर्यंत तापवा. पाण्याने घेतली २० गुणिले ६२, म्हणजे १,२४० किलोकॅलरी. समजा मीटरवर ४०० लिटर गॅस गेला, तर दिली ३,४०० किलोकॅलरी. पाण्यात पोचली ३६ टक्के. उरलेली भांड्याच्या कडेने वर गेली, छताला लागली, उस्तादाच्या (मुख्य आचाऱ्याच्या) तोंडावर आली.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर डोकावत असेल तर ती स्वयंपाकघर तापवते आहे. मोठ्या भट्टीवर लहान पातेलं हे रोजचं दृश्य. दोन आकारांच्या भट्ट्या असतात, पण जी हाताशी आहे तीच वापरली जाते. इथे उस्तादाला नियम शिकवण्यापेक्षा लहान भट्टी त्याच्या उजव्या हाताला सरकवली तर काम होतं. पाइप हलवायला गॅस कंपनीचा परवानाधारक माणूसच बोलवायचा, हे सांगायला नको.

आता जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड. सिलिंडरवरून पाइप गॅसवर जाताना बर्नरचे जेट बदलावे लागतात, कारण तेवढ्याच घनफळात नैसर्गिक वायूची उष्णता एलपीजीच्या निम्म्याहूनही कमी असते. भोक मोठं लागतं. योग्य मापाचे जेट मिळतात. पण घाईच्या वेळी एखादा मिस्त्री जुन्या जेटमध्येच ड्रिल फिरवून मोकळा होतो. असा जेट बाहेर काढून भिंगाखाली धरला की भोकाच्या कडेला पितळेचे कुरतडलेले ओठ दिसतात, कधी भोक गोलही नसतं. व्यास दहाच टक्के जास्त झाला तर भोकाचं क्षेत्र २१ टक्के वाढतं, आणि गॅसही जवळपास तेवढाच जास्त जातो. हवा मात्र पूर्वीइतकीच मिळते. मग ज्योतीला पिवळी टोकं येतात, पातेल्यांची बुडं काळी पडतात आणि मावशी घासून घासून थकतात. काळं बुड दिसलं की भांडी घासणाऱ्या मावशींना विचारावं, कधीपासून असं होतंय? त्यांचं उत्तर बऱ्याचदा मिस्त्री येऊन गेल्याच्या तारखेशी जुळतं.

पिवळ्या ज्योतीत पैशांपेक्षा मोठी भानगड आहे ती कार्बन मोनॉक्साइडची. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. अर्धवट जळालेल्या गॅसला तो राहत नाही. तळघरातल्या स्वयंपाकघरात कामगारांची डोकी दुखतात आणि ती उकाड्यावर ढकलली जातात. ऑडिटरकडे हा वायू मोजायचं यंत्र असतंच, त्याने ते तिथे माणसाच्या उंचीवर धरून बघायलाच हवं.

मोठा मासा मात्र तंदूर. दुपारचं जेवण आटोपतं, रात्रीच्या जेवणाला वेळ असतो, आणि मधल्या वेळात तंदूर मंद चालू असतो. बंद करा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "शेट, पुन्हा तापायला किती वेळ जातो. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तर रोटी कुठून देऊ?" हे काही आळशीपणाचं उत्तर नाही. त्याच्या डोक्यावर ऑर्डर असते, बिल मालकाच्या डोक्यावर. म्हणून मोजून दाखवावं. समजा मंद आचेवर तासाला एक एससीएम जातो. तीन तासांचे तीन. बंद करून, तोंडावर झाकण ठेवून, संध्याकाळी पूर्ण आचेवर अर्ध्या तासात तापवला तर तासाला दोनच्या हिशोबाने एक. दिवसाला दोन वाचले, महिन्याला साठ. म्हणजे जवळपास अडीच सिलिंडरांइतका गॅस, एका तंदूरमागे. जाड मातीचा तंदूर आणि चांगलं झाकण असेल तर तापवायला आणखी कमी वेळ लागतो. पण सहा वाजता पेटवायचं काम कोणाचं, हे नाव घेऊन ठरवलं नाही तर तिसऱ्या दिवशी तंदूर पुन्हा दुपारभर चालू दिसेल.

डोशाच्या तव्याला हे लागू नाही. उडुपी हॉटेलात तवा दिवसभर कामात असतो, आणि चहाच्या वेळी तर जास्तच. तिथे तव्याखालचे सगळे बर्नर सगळा वेळ लागतात का, एवढंच बघावं. चायनीज रेंजवर स्वयंपाकी कढई उचलतो तेव्हाही ज्योत घोंघावत असते; पाय किंवा गुडघ्याने दाबला तरच मोठी होणारा कॉक बसवला की तिचं तोंड बंद होतं.

वर बसवलेल्या चिमणीचाही गॅसशी संबंध आहे. जितकी मोठी ज्योत, तितकी गरम हवा, तितकी चिमणी जोरात. ती बाहेर फेकते ती हवा कुठून तरी आत यायला हवी. बाहेरून ताजी हवा आणणारा पंखा बंद पडलेला असेल किंवा आवाज होतो म्हणून कोणी बंद केला असेल, तर ती हवा वातानुकूलित हॉलमधून येते. स्वयंपाकघराचं झुलतं दार हॉलच्या बाजूने ओढताना जड लागतं का बघा, किंवा ताटं देण्याच्या खिडकीत टिश्यू पेपर धरा. तो आत ओढला जात असेल तर विजेचे पैसे देऊन थंड केलेली हवा तुम्ही छतावर फेकताय. शिवाय अशा कोंडीत गॅस हीटरचा धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी उलटा खोलीत येऊ शकतो. ही गोष्ट विजेच्या ऑडिटरने गॅसची म्हणून सोडायची आणि गॅसच्या ऑडिटरने विजेची म्हणून, असं बऱ्याचदा होतं.

गरम पाणी आणि वाफ

हजार लिटर पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायला २८,००० किलोकॅलरी लागतात. हीटर ८० टक्के कार्यक्षम धरला तर साधारण ४.१ एससीएम. हेच काम हीट पंपाने केलं तर साधारण १० युनिट वीज लागते, कारण तो उष्णता तयार करत नाही, हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकतो. मुंबईची उबदार हवा त्याला मानवते. साधा विजेचा गीझर मात्र ३२ युनिट खाईल. कोणतं स्वस्त ते तुमच्या गॅसच्या आणि विजेच्या त्या महिन्याच्या दरावर. कार्बनचं म्हणाल तर देशाच्या ग्रिडचा आजचा हिशोब युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास धरता हीट पंप आणि गॅस यांच्यात फार फरक नाही. गीझर मात्र दोघांच्या तिप्पट जातो. ग्रिडमध्ये सूर्य-वारा वाढेल तसं पारडं हीट पंपाकडे झुकेल.

पण मुंबईत याहून सोपी चीज पडून आहे. मोठ्या हॉटेलात आणि हॉस्पिटलात एसीचा चिलर बारा महिने चालतो आणि आतली उष्णता गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमधून आकाशात सोडतो. त्याच इमारतीच्या तळघरात गॅस जाळून पाणी तापवलं जातं. चिलरच्या गरम बाजूला उष्णता-बदल यंत्र बसवून पाणी निदान ४५-५० अंशांपर्यंत आधीच तापवता येतं. थंड देशांत जेव्हा गरम पाणी सर्वांत जास्त लागतं तेव्हा एसी बंद असतो. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी चालू असतात. जागा आणि पाइपिंग जमत असेल तर ऑडिटरने हा पर्याय तपासलाच पाहिजे. तपासला नसेल तर का नाही, ते विचारा.

एक सूचना मात्र डोळे मिटून मानू नका: साठवण टाकीचं तापमान कमी करा. कोमट टाकीत लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. टाकी ६० अंशांच्या खाली उतरवू नये, आणि नळापाशी थंड पाणी मिसळून तापमान खाली आणावं. हॉस्पिटलात तर याबद्दल चर्चाच नको. बचत करायची तर टाकीचं आणि पाइपचं इन्सुलेशन करा, शॉवरचं पाणी कमी करा.

वाफेचं प्रकरण हॉस्पिटल आणि लाँड्रीत. बॉयलरला लागणाऱ्या गॅसमध्ये चार-पाच ठिकाणी भोकं असतात. वापरून झालेल्या वाफेचं गरम पाणी, ज्याला कंडेन्सेट म्हणतात, ते गटारात सोडलं जातं. ते परत आणून बॉयलरला दिलं तर दर सहा अंशांमागे सुमारे एक टक्का इंधन वाचतं. वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे स्टीम ट्रॅप उघडे अडकलेले असतात. व्हॉल्व्ह आणि फ्लँज (पाइप जोडणाऱ्या चकत्या) उघडे ठेवून फक्त सरळ पाइपला इन्सुलेशन केलेलं असतं, कारण सरळ पाइप गुंडाळायला सोपा.

आणि पुन्हा घड्याळ. लाँड्री संध्याकाळी सहाला बंद होते, पण रात्रीच्या एखाद्या ऑटोक्लेव्हसाठी (वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रासाठी) भला मोठा बॉयलर पहाटेपर्यंत वाफ धरून ठेवतो. अशा वेळी बर्नर दर थोड्या वेळाने पेटतो आणि विझतो. पेटण्याआधी प्रत्येक वेळी त्याचा पंखा सुरक्षेसाठी आतली हवा बाहेर ढकलतो, आणि त्या हवेबरोबर बॉयलरच्या पोटातली उष्णताही जाते. तासाभर शेजारी उभं राहून बर्नर किती वेळा पेटला ते मोजलं की बॉयलर कामाच्या मानाने किती मोठा आहे ते कळतं. रात्रीसाठी वेगळा विजेवरचा ऑटोक्लेव्ह घेतला तर मोठा बॉयलर झोपू शकतो.

धुराड्यात नळी घालून ऑक्सिजन मोजणं हे ऑडिटचं सर्वांत तांत्रिक काम, पण समजायला अवघड नाही. एक घनमीटर गॅस नीट जळायला जवळपास दहा घनमीटर हवा लागते. त्याहून जास्त दिली तर ती फुकट तापून वर जाते, फुंकर मारत चहा गरम ठेवण्यासारखा प्रकार. धुरातला ऑक्सिजन ३ टक्के असेल तर जादा हवा सुमारे १७ टक्के, ठीक आहे. ८ टक्के असेल तर जादा हवा सुमारे ६२ टक्के. हिशोब असा: ऑक्सिजनच्या टक्क्यांना २१ वजा ऑक्सिजन या संख्येने भागायचं आणि शंभराने गुणायचं. हवा कमी करत गेलं की एका टप्प्यावर कार्बन मोनॉक्साइड एकदम वर उसळतो. त्याच्या थोडं आधी थांबायचं. हे बर्नर कंपनीच्या माणसाने यंत्र लावूनच करायचं काम आहे, रंग बघून अंदाजाने करायचं नव्हे. धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी खाली आणलं तर एक टक्का इंधन वाचतं, हा बॉयलरवाल्यांचा जुना हिशोब.

बीकेसी-परळमधल्या ऑफिस टॉवरना यातलं फारसं लागू नाही. तिथे गॅस फक्त कँटीन किंवा फूड कोर्टपुरता. त्यांनी प्रत्येक गाळ्याला वेगळा उपमीटर बसवून बिल ज्याचं त्याच्या माथी मारलं तरी पुरेसं होतं.

छतापाशी असायला हवं ते जमिनीपाशी

ऑडिट करताना हटकून सापडणारी एक गोष्ट बचतीची नाही, पण सोडता येत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो, म्हणून त्याचा गॅस डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावतात. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. सिलिंडर जाऊन पाइप आला, भट्ट्या बदलल्या, जेट बदलले, आणि डिटेक्टर राहिला जमिनीपाशीच, हिरवा दिवा लुकलुकत. वर हवेत पाच टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते, आणि खाली डिटेक्टरला काही कळलेलं नसतं. शिवाय तो एलपीजीसाठीच जुळवलेला असला तर नुसता वर हलवून चालत नाही, बदलावा लागतो. पोटमाळा किंवा फॉल्स सीलिंग असेल तर आणखी सांभाळून.

ऑडिट कोणाकडून आणि अहवालात काय हवं

बीईईची राष्ट्रीय परीक्षा पास झालेले प्रमाणित ऑडिटर असतात, महाऊर्जाकडे नोंदलेल्या संस्थाही असतात. एका दिवसाची फेरी मारून वरवर पाहणी होते, आणि यंत्रं लावून आठवडाभर सविस्तर ऑडिट. लहान हॉटेलाने आधी स्वतः वही ठेवावी आणि वही घेऊन ऑडिटरकडे जावं. त्याचे दिवस वाचतात, तुमचे पैसे.

फुकट ऑडिटबद्दल सावध. जो बॉयलर विकतो त्याच्या ऑडिटचा शेवट बॉयलरवरच होतो. हीट पंपवाल्याचा हीट पंपावर.

अहवालात प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला आहे की गृहीत धरलेला, हे लिहून घ्या. यंत्रांच्या कॅलिब्रेशनची (अचूकता तपासल्याची) प्रमाणपत्रं मागा. वेगवेगळ्या उपायांची बचत नुसती बेरीज करून मांडली असेल तर अडवा: कंडेन्सेट परत आणल्यावर बॉयलरला मुळातच कमी गॅस लागेल, मग धुराड्यातली बचत त्या कमी गॅसवर मोजायला हवी. काही करारांत गॅसची किमान उचल ठरलेली असते, तेवढे पैसे द्यावेच लागतात. तुमचा वापर त्या रेषेच्या आधीच जवळ असेल तर वाचलेला गॅस पैशांत दिसणार नाही, करार बदलल्याखेरीज. म्हणून अहवालाआधी करार काढून वाचा.

आणि बचतीच्या टक्क्यांवर फी ठरवायची असेल तर तुलना कोणत्या महिन्यांशी करायची हे आधी कागदावर आणा, तेही ताटांमागच्या किंवा बेडमागच्या गॅसने. मटणाच्या हॉटेलात लग्नसराईच्या मे महिन्याशी श्रावणाची तुलना केली तर कोणी काही न करताही बचत दिसते, आणि तिच्यावर फीसुद्धा लागते.